टाकीतलं निंदण

कुरुद, भिलाई
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. गुंजन,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे ठीक आहेत. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, पण ते तुला माझ्याआधी कळत असेल. रोज दुपारी ती स्वयंपाकघराचं दार लोटून तुझ्याशी फोनवर बोलते. मी हॉलमध्ये टीव्हीचा आवाज बारीक करून बसतो, तरी एक शब्द ऐकू येत नाही.

माझा फोन तू घेत नाहीस, त्याला दीड वर्ष उलटून गेलं. शेवटी आईकडून तुझा विशाखापट्टणमचा पत्ता मागितला. ती म्हणाली, "फोन कापता येते तिले. कागद आला तं वाचाच लागन." तुझ्या आईचं डोकं प्लांटमध्ये असतं तर ती जनरल मॅनेजर झाली असती. मराठीत लिहितोय, कारण गावच्या शाळेत सातवीपर्यंत जे शिकलो ते हेच. तुझं सगळं शिक्षण हिंदीत झालं, अडलीस तर आईला विचार.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरात मी रिटायर झालो. चौतीस वर्षं स्टील प्लांटमध्ये, भट्टीच्या पंप हाऊसमध्ये काढली आणि शेवटच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आलो. घड्याळ पाच मिनिटं पुढं जातं. आईला आता पाण्याच्या बादल्या उचलवत नाहीत, म्हणून जानेवारीपासून तुझ्या समुद्राच्या माशांच्या टाकीचा चार्ज माझ्याकडे आहे. हे तिनं तुला सांगितलेलं नाही. तू काळजी करशील म्हणून नाही सांगितलं, तेव्हा तिच्यावर रागावू नकोस.

टाकीची तब्येत चांगली आहे. रोज सकाळी तापमान आणि खारेपणा वहीत लिहितो, शिफ्टच्या लॉगबुकात लिहायचो तसाच. आटलेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचं पाणी घालतो, मिठाचं नाही. पाणी उडतं, मीठ मागं राहतं, हे कूलिंग टॉवरवाल्या माणसाला कोणी शिकवायला नको. तुझी क्लाउनफिशची जोडी खाऊन पिऊन मजेत आहे. आई त्यांना बाई आणि बुवा म्हणते. बाई धिप्पाड, बुवा तिच्या मागं मागं, आणि दिवे विझले की दोघं तुझ्या त्या समुद्रफुलात, ॲनिमोन की काय म्हणतेस त्यात, शिरून झोपतात.

एकच विचारायचं आहे. डावीकडच्या दगडावर दोन बारकी तपकिरी झाडं उगवली आहेत. करंगळीच्या नखाएवढी, ताडाच्या झाडासारखी, वर केसाळ टोपी. हात नेला की दगडात गडप होतात. ही तू लावली आहेस का? का आपोआप आली? समुद्रफुलाची पिल्लं असतील असं आई म्हणते.

समुद्रफुलाची पिल्लं असतील तर चांगलंच. तू बादलीत वाढवत होतीस ती माशांची पिल्लं तर त्या दिवशी लाईट गेल्यामुळं हातची गेली.

उत्तर मला लिहिलं नाहीस तरी आईला सांग.

तुझे पप्पा

•

कुरुद
२ मार्च २०२५

चि. गुंजन,

उत्तर आलं नाही. म्हणून मी माझ्या डोक्यानं काम केलं, आणि आता जे झालंय ते सांगितलंच पाहिजे.

त्या दोन झाडांची तीन झाली. तिसरं उगवलं तेव्हा मला खात्री पटली की हे निंदण आहे, नुसतं तण. लावलेलं धान ओळीत असतं, निंदण कुठंही येतं. तुझ्या आजोबांनी मला वयाच्या आठव्या वर्षी धानाच्या बांधीत उतरवलं होतं, तेव्हा निंदण कसं काढायचं हे मला टाकीवाल्यांनी सांगायची गरज वाटली नाही. बाही वर केली, आईचा केसांचा जुना काटा घेतला आणि तिन्ही मुळापासून खरवडून काढली. थोडी चिंधड्या होऊन पाण्यात गेली. ती काय, वाहून जातील असं वाटलं. दगड लख्ख झाला. आईला बोलावून दाखवला.

"अजी, कावून उपटून राहिले तुमी? पोरीले विचारलं का?" ती म्हणाली.

"निंदण काढाले पोरीले विचारून राहिलो आता मी," असं मी म्हणालो. बराच ऐटीत म्हणालो, हे कबूल करतो.

आठ दिवसांत सात झाली. पंधरा दिवसांत सव्वीस. जिथं जिथं चिंधडी जाऊन पडली तिथं तिथं नवं झाड. फिल्टरच्या पाइपात दोन, पंपाच्या बुडाशी एक, आणि चार तर तू ठेवलेल्या मातीच्या कुंडीवर. धानातलं निंदण उपटलं की मरतं. हे उपटलं की पेरलं जातं. असलं पीक मी आयुष्यात पाहिलं नाही.

गंमत म्हणून लिहितोय असं समजू नकोस. परवापासून एक झाड समुद्रफुलाच्या अगदी जवळ आलं आहे. त्याचे केस समुद्रफुलाला लागतात आणि समुद्रफूल त्या बाजूनं आक्रसून घेतं. काल दिवसभर ते मुठीएवढं मिटून बसलं होतं. बाई आणि बुवा कोपऱ्यातल्या पंपापाशी राहिले. समुद्रफूल मेलं तर टाकीत सडेल, आणि सडलं तर जोडीही जाईल, एवढं तुझ्या टाकीच्या वहीत वाचून मला कळलं आहे. तू घर सोडताना एकच गोष्ट मागं ठेवून गेलीस. ती माझ्या हातून जाऊ नये एवढंच मला पाहिजे. एकदा गेलं आहे.

आई म्हणते, सव्वीसचा आकडा सांगितल्यावर तू फोनवर हसलीस. "ते हासली, मग चूप झाली, मग परत हासली," असं तिनं मला तीनदा सांगितलं. मी चौथ्यांदा विचारलं तर चिडली.

तुझे पप्पा

•

कुरुद
२३ मार्च २०२५

चि. गुंजन,

तू आईला सांगितलेलं तिनं कॅलेंडरच्या मागं लिहून घेतलं आणि कॅलेंडर माझ्यासमोर ठेवलं. तेच टाकीच्या बाजूला टांगलं आहे. पहिलीच ओळ: "पप्पांना सांग, ओरबाडू नका." पप्पांनी ऐकलं.

त्या झाडाचं नाव एप्टेशिया आहे, ते झाड नसून समुद्रफुलाच्याच जातीतला प्राणी आहे, आणि त्याला त्याच्या जागेवरच मारायचं असतं, हे सगळं समजलं. त्यासाठी लागणारा चुना पानठेल्यावरचा आणायचा नाही म्हणालीस, म्हणून दुर्गला जाऊन केमिकलवाल्याकडून शुद्ध चुना आणला. दुकानदारानं विचारलं, कशाला पाहिजे. मी म्हटलं, मुलीनं मागवलाय. हे बोलायला मला फार बरं वाटलं.

सुईचा प्रश्न शेजारच्या केवलरामनं सोडवला. त्याला शुगर आहे, रोज इन्सुलिन घेतो. त्यानं नव्या सिरिंजचं पाकीट दिलं आणि वर समोर खुर्ची टाकून बसला. म्हणाला, मच्छी को सुई लगाते पहली बार देखूंगा. मी म्हटलं, मच्छीला नाही, तिच्या शेजाऱ्याला.

काम असं चालतं. चुना कोमट पाण्यात घट्टसर कालवायचा. पंप बंद करायचा, म्हणजे पाणी स्थिर होतं आणि चुना उधळत नाही. सुई हळूच त्या झाडाच्या तोंडाशी न्यायची. घाई केली की ते आत पळतं. श्वास रोखून, अर्धा थेंब, एक थेंब, टोपीवर पांढरा थर बसेपर्यंत. मग पंधरा मिनिटं हात मागं घेऊन बसायचं. दिवसाला चारच, कारण चुन्यानं पाण्याचा पीएच चढतो. पहिल्या दिवशी मला आठ करायचा मोह झाला होता. कॅलेंडर बघितलं आणि हात आवरला.

रोज चार. त्यातली बरीचशी आठवड्यानं परत डोकं काढतात, वर नवी उगवतात, त्यांना परत चुना. सव्वीसची तेहतीस झाली होती, आज बावीस आहेत. समुद्रफुलाशेजारचं सगळ्यांत आधी गाठलं. परवा समुद्रफूल ताटलीएवढं उमललं आणि बाई आत शिरून अशी लोळली की आईनं मला हाक मारून टाकीपाशी बोलावलं. आम्ही दोघं उभे राहून बघत होतो. या घरात आम्ही एवढा वेळ एकत्र उभं राहून काही बघितलं त्याला बरेच दिवस झाले.

एक गोष्ट. सुई लावताना पंप बंद असतो, तेव्हा कोणी चुकून चालू करू नये म्हणून मी सवयीनं बटणावर लाल टॅग लावतो. प्लांटमध्ये कुठल्याही मशिनवर काम चालू असलं की स्विचला टॅग लागतो, त्यावर काम करणाऱ्याचं नाव असतं, आणि ज्याचं नाव असेल त्यानंच तो काढायचा. मोठ्या साहेबालाही तो काढायचा अधिकार नाही. एका फिटरनं एकदा दुसऱ्याचा टॅग काढला होता, तेव्हा मी त्याला सगळ्या शिफ्टसमोर असं झापलं की तो माणूस रडला.

परवा टॅगवर माझं नाव लिहिताना मला हे आठवलं आणि पेन तसाच राहिला. त्याबद्दल मला काही लिहायचं आहे. आज नाही जमत.

तुझे पप्पा

•

कुरुद
१९ एप्रिल २०२५

गुंजन,

हे पत्र मी आईला मोठ्यानं वाचून दाखवून मग पोस्टात टाकणार आहे. तिलाही यातलं माहीत नाही.

मंगळवारी संध्याकाळी वादळ आलं आणि खांबावरची तार तुटली. दीड तास लाईट नव्हती. मी वाटीनं टाकीतलं पाणी उचलून वरून ओतत बसलो, हवा मिळावी म्हणून. लाईट आली, पंप चालू झाला, सगळं ठीक. पण टाकीचे दिवे रोज आठला विझतात, ते साडेनऊला विझले. बुधवारीही साडेनऊला. मला वाटलं टायमर बिघडला. काढून बघितला. तू लावलेला तो गोल चकतीचा टायमर, विजेवरच फिरणारा. बिघडला नव्हता. लाईट गेली की चकती थांबते, लाईट आली की थांबली होती तिथून पुढं चालते. जेवढा वेळ लाईट नाही, तेवढा तो मागं पडतो.

हे समजलं तेव्हा मी टायमर हातात घेऊन खाली बसलो.

मे २०२३ मध्ये, तुझी त्रेचाळीस पिल्लं मेली त्या दिवशी, मी तुला सांगितलं की बारा ते तीन लाईट गेली होती. तू संध्याकाळी रायपूरहून आलीस, बादलीत बघितलंस, आणि टाकीसमोर जाऊन उभी राहिलीस. मला वाटलं, रडत नाहीये हे बरं आहे. टाकीचे दिवे विझले. बरोबर आठ वाजता विझले, तीन तास उशिरा नाही. तू टायमरकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे. मी म्हणालो, जेवून घे. तू जेवलीस. दोन महिन्यांनी विशाखापट्टणमच्या माशांच्या हॅचरीत नोकरी धरलीस आणि गेलीस.

मी आजपर्यंत समजत होतो की तू पद्मनाभपूरहून स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्यांमुळं गेलीस. मी तुला न विचारता त्यांना बोलावलं, ते तुला नंतर कळलं, म्हणून गेलीस. तेवढ्याच गोष्टीचा मी मनातल्या मनात तुझ्याशी वाद घालत होतो. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की मी खोटं बोललो.

तर जे झालं ते लिहितो, जसं लॉगबुकात लिहायला पाहिजे होतं तसं.

पाहुणे साडेबाराला आले. तू घरी नाहीस हे बघूनच मी तो दिवस ठरवला होता. आधी आपण मोठी माणसं बोलून घेऊ, मग पोरीला सांगू, असा माझा विचार. त्रेचाळीस डिग्रीचं ऊन. हॉलमध्ये कूलर लावायला एकच सॉकेट, आणि त्यात तुझ्या बादलीतल्या हवेच्या पंपाची पिन. पिनेवर तू चिठ्ठी लावली होतीस: "काढू नये. गुंजन." मी ती वाचली. वाचून काढली. दहा मिनिटांत परत लावू म्हणालो. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, मग चहा झाला, मग त्यांनी घर बघितलं. त्यांनी बादलीकडे बोट करून विचारलं, हे काय. मी म्हणालो, पोरीचा टाइमपास आहे, लग्नानंतर सुटेल. मी हे बोललो, आणि बोलताना तो पंप बंद आहे हे मला माहीत होतं.

ते गेल्यावर मी पिन परत लावली आणि चिठ्ठीही परत लावली. आई स्वयंपाकघरात होती, तिला यातलं काही दिसलं नाही.

पंप हाऊसमध्ये चौतीस वर्षं मी खोटी नोंद केली नाही. दुसऱ्याचा टॅग काढला म्हणून एका माणसाला रडवलं. आणि माझ्या घरात, माझ्या मुलीच्या नावाचा टॅग मी कूलरसाठी काढला. तुझी चिठ्ठी मी टॅग समजलो नाही, कारण ती पोरीची चिठ्ठी होती. एवढंच खरं कारण आहे.

माझं चुकलं, गुंजन. पिल्लांचं चुकलं आणि खोटं बोललो त्याचं जास्त चुकलं. उत्तर दे असं म्हणत नाही.

निंदण अकरावर आलं आहे. समुद्रफूल ठीक. तापमान २७.

पप्पा

ता. क. आईला वाचून दाखवलं. तिनं उठून माझं एकट्याचं ताट वाढलं.

•

कुरुद
२९ जून २०२५

चि. गुंजन,

तुझी पेटी गुरुवारी मिळाली.

एप्रिलच्या पत्रानंतर मी रोज अकरा वाजता फाटकाशी उभा राहायचो. पोस्टमन लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा. तुझ्या आईनं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मले बी तुमी तेवढंच खोटं सांगतलं नं." मी हो म्हणालो. त्यावर तिनं चहा ठेवला. तुझ्याकडून मात्र मे गेला, अर्धा जून गेला, काही नाही. मला वाटलं, सांगायला फार उशीर केला. रोजची चार झाडं मात्र चुकवली नाहीत. मेच्या उन्हात बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडून पाणी अठ्ठावीसच्या वर जाऊ दिलं नाही. कूलर टाकीकडे तोंड करून लावला आणि आम्ही दोघं पंख्याखाली बसलो.

आणि मग रायपूरच्या शोभेच्या मासेवाल्याचा फोन. तुमच्या हॅचरीतून माल आला आहे, त्यात एक डबा माझ्या नावाचा, वर लिहिलंय गुलाब पप्पा, कुरुद. मी अर्ध्या तासात निघालो.

पिशवीत चार झिंगे. लाल रेघांचे, बोटभर लांब. आईनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "भाजीपुरते बी नाईत हे." मी म्हटलं, हे खायला नाहीत, हे खातील. कॅलेंडरसारखंच सगळं शब्दाला शब्द पाळलं: पिशवी तरंगत ठेवली, तासभर थेंब थेंब टाकीतलं पाणी मिसळलं, दिवे विझल्यावर सोडले. दोन दिवस दगडामागून बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पाइपातलं झाड, जिथं माझी सुई पोचत नव्हती, ते गायब. आज माझ्या मोजणीत दोन उरली आहेत.

पिशवीला लावलेली चिठ्ठी मी पाकिटात ठेवली आहे. झिंग्यांच्या सूचना वर होत्या आणि खाली तू लिहिलं होतंस: "टायमर मी त्याच दिवशी बघितला होता. तुम्ही कधी सांगता, ते बघत होते." सूचना मी आईला लगेच वाचून दाखवल्या. खालची ओळ संध्याकाळी दाखवली. आधी मला एकट्याला ती पुरती वाचायची होती.

म्हणजे दोन वर्षं तू वाट बघत होतीस. मला वाटत होतं, मी वाट बघतोय.

पुढं तू लिहिलंस की एप्टेशिया पूर्ण कधीच जात नाही, एखादं कुठंतरी राहतंच, फक्त लक्ष ठेवायचं आणि वाढू द्यायचं नाही. बरं झालं सांगितलंस. मी शेवटचं मारून विजय जाहीर करायच्या बेतात होतो. सिरिंज धुऊन डब्यात ठेवल्या आहेत.

तू कधी येशील असं विचारणार नाही. फक्त एवढं सांग, झिंग्यांना वेगळं खायला द्यायचं का? निंदण संपलं तर उपाशी राहतील.

तुझे पप्पा

•

कुरुद
१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

चि. गुंजन,

माशाचं थोडं थोडं खाणं झिंग्यांना चालतं, हे तू सांगितलंस. आईच्या फोनवर, पण तो मला द्यायला लावून सांगितलंस. सव्वा मिनिट बोललो आपण. मी बरंच काही विचारणार होतो आणि झिंग्यांवरच बोलत राहिलो. तुझा आवाज जरा बसलेला वाटला. समुद्राकाठी राहतेस, गळा सांभाळ.

आता बातमी. बाईनं शनिवारी सकाळी अंडी घातली.

त्याच कुंडीवर, जिच्यावरची चार झाडं मी चुना लावून मारली होती. सकाळी बघतो तर दोघं मिळून कुंडीची एक बाजू तोंडानं घासून साफ करत होते. दुपारपर्यंत तिथं नारिंगी ठिपके, हातावरच्या रुपयाएवढ्या जागेत. बुवा आता तिथून हलत नाही. पंखांनी वारा घालतो आणि मी काचेला हात लावला तरी अंगावर येतो. आईनं टाकीला हळदीकुंकू लावलं. मी म्हटलं, काचेला लाव, पाण्यात नको.

तुझ्या वहीत लिहिलंय की आठव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. म्हणजे रविवार, २४ तारीख. पुढं त्यांना पहिल्या दिवसापासून जे बारीक जिवंत खाद्य लागतं ते माझ्याकडे नाही आणि ते कसं वाढवायचं हेही मला येत नाही. खोटं कशाला सांगू, माझ्या एकट्याच्या हातून ती जगणार नाहीत.

काल संध्याकाळी मी फाटकाशी उभा होतो. केवलराम नवा शर्ट घालून, पिशवी घेऊन चालला होता. विचारलं, कुठं. म्हणाला, धमतरीला, मोठीला आणायला. तीजा आलाय ना. मला माहीत आहे, दरवर्षी बघतो, या मुलखात तीजाला, म्हणजे आपल्या हरतालिकेला, लेकी माहेरी येतात. मी म्हटलं, तुझी मुलगी बसमध्ये बसून दोन तासांत येईल, तू कशाला धावतोस. तो थांबला. म्हणाला, "बेटी अपन मन ले नइ आवय भैया, लेवाय बर जाए ला परथे." मग मला समजलं नसेल असं वाटून हिंदीत म्हणाला, बेटी खुद से नहीं आती, लेने जाना पड़ता है.

त्याला माझ्याबद्दल काही बोलायचं नव्हतं. त्याची बस सुटत होती.

मी आत येऊन आईला म्हणालो, "मी जाऊन येतो." तिनं कुठं म्हणून विचारलं नाही. म्हणाली, "एवढे दिवस कावून थांबले होते?" तीजा लग्न झालेल्या लेकींचा असतो, आपल्यात ती रीत नाही, आणि तू लग्न झालेली नाहीस, हे मला कळतं. त्या विषयावर मी पुन्हा तुझ्या वतीनं कोणाशी बोलणार नाही, हेही इथं लिहून देतो. पण आणायला जायची रीत चांगली आहे. ती मी उसनी घेतोय.

बुधवारचं तिकीट काढलं आहे, दुर्ग ते विशाखापट्टणम. शुक्रवारी परत निघायची दोन तिकिटं काढली आहेत. तुला सुट्टी नसेल, किंवा यायचं मन नसेल, तर एक रद्द होईल आणि मी समुद्र बघून परत येईन. साठी ओलांडली, खारं पाणी टाकीतलंच पाहिलंय. हॅचरीच्या गेटवर उभा राहीन. आत बोलावलंस तर आत येईन, नाहीतर तिथंच बोलू.

टाकीचा चार्ज आईला दिला आहे, लेखी. तापमान, पाणी, खाणं, झिंगे, आणि निंदण दिसलं तर हात लावायचा नाही, केवलरामला बोलवायचं. त्याला सुई मी शिकवली आहे.

आणि एक केलं आहे. हॉलमध्ये टाकीच्या बाजूला नवा बोर्ड बसवला. कूलरचा वेगळा, पंपाचा वेगळा. तुझी ती बादली धुऊन त्याखाली ठेवली, पाणी भरलं, हवेचा पंप लावून चालू केला. आत अजून काही नाही, नुसते बुडबुडे निघतात. आई दोनदा म्हणाली, रिकाम्या बादलीत हवा कशाला, बंद करा. मी तिला पिनेवरचा लाल टॅग दाखवला. त्यावर मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं आहे: "काढू नये. गुंजन."

ती हात लावत नाही, मीही लावत नाही. नियमानं तो फक्त तुलाच काढता येईल.

तुझे पप्पा